मिरायडॉनला मराठीत ‘तो’ म्हणावे की ‘ते’?

वहीवाला मामा

नमस्कार. प्रश्न पोकेमॉनचा आहे आणि व्याकरणाचाही आहे, त्यामुळे तो कोणत्या विभागात टाकावा हे न कळून येथेच विचारतो आहे.

माझी अकरा वर्षांची भाची साताऱ्याला राहते. सुट्टीत ती पुण्याला माझ्याकडे आली, की माझ्या निन्टेंडो स्विच या गेमयंत्रावर ‘पोकेमॉन व्हायोलेट’ खेळते. हा खेळ जपानी, इंग्रजी, कोरियन, स्पॅनिश अशा अनेक भाषांतून खेळता येतो, परंतु त्यांत एकही भारतीय भाषा नाही. भाचीला इंग्रजी वाचता येते, पण लढाया जिंकण्याच्या घाईत ती संवादांवरून नुसती नजर फिरवते आणि नंतर कथेचा धागा हरवला म्हणून हिरमुसते. म्हणून एक दोनशेपानी वही घेऊन मी तिच्यासाठी ही कथा मराठीत लिहून काढतो आहे. डाव्या पानावर नावे व जागा, उजव्या पानावर प्रसंग, अशी मांडणी आहे. सहा पाने सुरळीत झाली. सातव्या पानावर समुद्रकिनाऱ्यावर नायिकेची मिरायडॉनशी पहिली गाठ पडते आणि तेथे पहिल्याच वाक्यात माझे पेन अडले. ‘मिरायडॉन थकून पडला होता’ असे लिहावे, की ‘थकून पडले होते’ असे?

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ हे जोडखेळ 18 नोव्हेंबर 2022 रोजी आले. स्कार्लेटच्या वेष्टनावर कोरायडॉन आहे आणि व्हायोलेटच्या वेष्टनावर मिरायडॉन. दोन्ही ‘लेजेंडरी’ गटातले, म्हणजे दंतकथांमधून ऐकू येणारे पोकेमॉन आहेत. जपानी भाषेत ‘कोराय’ म्हणजे प्राचीन काळापासूनचे आणि ‘मिराय’ म्हणजे भविष्य. मिरायडॉनची उंची साडेतीन मीटर आणि वजन 240 किलो आहे. अंग धातूसारखे गुळगुळीत जांभळे आहे, डोळे म्हणजे काळ्या पडद्यावर उमटलेले प्रकाशाचे ठिपके आहेत, आणि पाठीवर बसून मोटारसायकलसारखा प्रवास करता येतो. प्रकार विद्युत आणि ड्रॅगन. अ‍ॅबिलिटीचे, म्हणजे अंगभूत क्षमतेचे, नाव ‘हॅड्रॉन इंजिन’.

आता हे यंत्र मानावे की प्राणी? यंत्र मानायचे, तर त्याचा प्रकार ‘स्टील’ का नाही? प्राणी मानायचे, तर त्याच्या अंगात इंजिन कसे? आणि ‘हॅड्रॉन इंजिन’ वहीत तसेच ठेवावे, की त्याला काही मराठी शब्द शोधावा? मी खेळ पूर्ण केलेला आहे, त्यामुळे कथा उघड करून लिहिलीत तरी माझी हरकत नाही. भाची हा धागा वाचणार नाही. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी मात्र येथेच थांबावे.

पोलादी

स्टीलच्या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे आहे, म्हणून तेवढेच देतो.

स्टील हा प्रकार पहिल्या पिढीत नव्हताच. तो दुसऱ्या पिढीत, म्हणजे 1999च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत आला आणि त्या वेळी मॅग्नेमाइट या जुन्या पोकेमॉनला तो मागाहून जोडण्यात आला. परंतु पोरिगॉनकडे पाहा. हा पोकेमॉन माणसांनी संगणकाच्या साहाय्याने घडवला असे खेळ स्वतःच सांगतो, तरीही त्याचा प्रकार आरंभापासून आजतागायत ‘नॉर्मल’ आहे. याचा अर्थ असा, की या मालिकेत ‘प्रकार’ ही गोष्ट अंग कशाचे बनले आहे हे सांगत नाही. तो पोकेमॉन लढतो कसा आणि कशापुढे कच्चा पडतो, एवढेच ती सांगते.

व्हायोलेटमध्ये तर हे फारच ठळकपणे दिसते. भविष्यातून आलेल्या पोकेमॉनची नावे ‘आयर्न’ या शब्दाने सुरू होतात. डीएलसी, म्हणजे खेळाला नंतर मिळालेली जोड, धरून अशी दहा नावे भरतात: आयर्न ट्रेड्स, बंडल, हँड्स, जुगुलिस, मॉथ, थॉर्न्स, व्हॅलियंट, लीव्ह्ज, बोल्डर आणि क्राउन. दहाही नावांत लोखंड आहे, पण स्टील प्रकार फक्त ट्रेड्स आणि क्राउन या दोघांनाच मिळालेला आहे. आयर्न मॉथ अग्नी व विष प्रकारचा आहे, तर आयर्न बंडल बर्फ व पाणी प्रकारचा. नावातले लोखंड पाहून कोणी समोरचा पोकेमॉन स्टील प्रकारचा आहे असे मानले, तर दहापैकी आठ वेळा त्याची फसगत होईल.

मिरायडॉनला स्टील न देण्यामागे मला एक साधे कारणही दिसते. तो सायक्लिझार या पोकेमॉनचा भविष्यकाळातला नातलग आहे आणि सायक्लिझार ड्रॅगन व नॉर्मल प्रकारचा आहे. कोरायडॉन हा त्याच सायक्लिझारचा भूतकाळातला नातलग असून तो फायटिंग व ड्रॅगन आहे. तिघांत समान धागा ड्रॅगनचा आहे. भूतकाळाच्या वाट्याला मनगटाचे बळ आले आणि भविष्याच्या वाट्याला वीज. दोघांच्या स्टॅटची, म्हणजे लढाऊ गुणांची, बेरीज 670 आहे आणि वेगही दोघांचा 135च आहे. मुख्य फरक असा, की कोरायडॉनचा अटॅक 135 आणि स्पेशल अटॅक 85 आहे, तर मिरायडॉनमध्ये हेच दोन आकडे नेमके उलटे होतात. मला ही मांडणी फार आवडते, कारण तिच्यात एकाला दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरवलेले नाही.

भाचीला लढाईच्या दृष्टीने दोन ओळी हव्या असतील तर वहीत असे लिहा: जमीन, बर्फ, ड्रॅगन आणि फेअरी या चार प्रकारांपुढे मिरायडॉन कच्चा आहे आणि जमीन प्रकारावर तर त्याच्या विजेचा काडीचाही परिणाम होत नाही.

रिकामा तास

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मधल्या सुट्टीत मुलांकडून पोकेमॉन शिकतो. ‘हॅड्रॉन इंजिन’ हे नाव तसेच ठेवावे, असे माझे मत आहे. कारण हे नाव केवळ भारदस्त वाटावे म्हणून दिलेले नाही.

हॅड्रॉन हा भौतिकशास्त्रातला शब्द आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे हॅड्रॉन आहेत, आणि हॅड्रॉन स्वतः क्वार्क नावाच्या त्याहून मूलभूत कणांचे बनलेले असतात. आता खेळाकडे या. पोलादी यांनी सांगितलेल्या सर्व ‘आयर्न’ पोकेमॉनची अ‍ॅबिलिटी कोणती आहे? ‘क्वार्क ड्राइव्ह’. म्हणजे लहान सैनिकांकडे क्वार्क आहे आणि त्यांच्या म्होरक्याकडे क्वार्कांपासून बनणारा हॅड्रॉन आहे. एवढेच नव्हे, तर मिरायडॉन मैदानात उतरताच विजेचे जे क्षेत्र पसरते, त्याच क्षेत्रात या साऱ्यांचे क्वार्क ड्राइव्ह सुरू होते. ज्याने ही नावे ठेवली त्याने शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला डुलकी काढलेली नसावी. युरोपातल्या सर्न या संस्थेतील 27 किलोमीटर परिघाचे महाकाय यंत्र ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ या नावाने ओळखले जाते, आणि त्यावरच्या एका मोठ्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग आहे, हे डाव्या पानावर एका ओळीत लिहिलेत तर भाचीला ‘हॅड्रॉन’ हा शब्द दहावीच्या आधीच ओळखीचा होऊन जाईल.

त्या इंजिनाचे काम आकड्यांत दाखवतो, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना यातच सर्वांत जास्त रस वाटला. मिरायडॉनचा खास मूव्ह, म्हणजे लढाईतला डाव, ‘इलेक्ट्रो ड्रिफ्ट’ 100 शक्तीचा आहे. स्वतःच्याच प्रकारचा मूव्ह असल्याने तो दीडपट होतो. विजेचे क्षेत्र पसरलेले असल्याने तो आणखी 1.3 पट होतो. हॅड्रॉन इंजिनमुळे स्पेशल अटॅक 1.33 पट होतो. या तिन्हींचा गुणाकार केला, की 100चे 260 होतात. समोर पाण्याचा किंवा पंखांचा पोकेमॉन असेल तर आघात दुप्पट बसतो, आणि नेमक्या अशाच वेळी इलेक्ट्रो ड्रिफ्ट स्वतःचे आणखी 1.33 पट जोडतो. शेवटचा आकडा सुमारे 693 येतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण फळ्यावर तो पायरीपायरीने मांडल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने “सर, हे अन्याय आहे” असे जे उद्गार काढले, ते शब्दशः खरे आहेत.

यंत्र की प्राणी या प्रश्नाशी याचा संबंध असा, की हे इंजिन इंधनावाचून चालत नाही. विजेचे क्षेत्र पाच फेऱ्यांत संपते. त्यापूर्वीच समोरच्याने रिलाबूम या गवत प्रकारच्या पोकेमॉनला मैदानात आणले, तर विजेच्या जागी गवताचे क्षेत्र येते आणि हॅड्रॉन इंजिनची ती वाढ तत्काळ नाहीशी होते. दोघे एकाच वेळी उतरले तरी मिरायडॉनचेच नुकसान होते, कारण जो वेगवान त्याचे क्षेत्र आधी पसरते आणि जो संथ त्याचे त्यावर चढते. 135 वेगाच्या या सुसाट वाहनाला 85 वेगाचा ढोल वाजवणारा गोरिला केवळ सावकाश आल्यामुळे थांबवतो, हे मला दर वेळी गमतीचे वाटते. मला विचाराल तर हे यंत्राचेच लक्षण आहे.

दीपगृह

रिकामा तास यांनी लढाईचे नियम अचूक सांगितले आहेत, परंतु त्यांवरून यंत्रपणा सिद्ध होत नाही. उन्हात जोर चढणारे आणि पावसात मंदावणारे पोकेमॉन कितीतरी आहेत, आणि त्यांना कोणी सौरपंप म्हणत नाही. उत्तर कथेत शोधावे लागेल. (येथून पुढे शेवट उघड होतो.)

पहिला प्रसंग घेऊ. नायिकेला समुद्रकिनाऱ्यावर मिरायडॉन भेटते, तेव्हा ते इतके अशक्त असते की त्याला धड उभेही राहवत नाही. नायिका त्याच्यापुढे सँडविच धरते. ते आधी हुंगते आणि मग खाते. चार्जिंगची वायर, बॅटरी किंवा तेल यांपैकी काहीही दाखवणे खेळ तयार करणाऱ्यांना सहज शक्य होते, पण त्यांनी पाव दाखवला. पुढे पाच टायटन, म्हणजे अजस्र, पोकेमॉनना हरवून मिळवलेल्या हर्बा मिस्टिका या वनस्पती घातलेले सँडविच खाऊनच त्याची धावण्याची, पोहण्याची, उंच उडी मारण्याची, तरंगत खाली येण्याची आणि कडे चढण्याची शक्ती एकेक करून परत येते. आर्व्हन या मुलाने या वनस्पती आपल्या आजारी कुत्र्यासाठी, माबॉस्टिफसाठी शोधलेल्या असतात. म्हणजे जे औषध कुत्र्याला लागू पडते तेच मिरायडॉनलाही लागू पडते. वंगण आणि काढा यांतला फरक कळण्यासाठी याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दुसरी गोष्ट भीतीची. सगळी शक्ती परत मिळाली तरी ते लढत मात्र नाही. ही शरीराची अडचण नसून मनाची आहे, हे आपल्याला एरिया झिरोत, म्हणजे कथेतल्या प्रचंड विवराच्या आत, उतरल्यावर कळते. तेथे दुसरे एक मिरायडॉन आहे. ते अधिक बलवान आणि क्रूर आहे, आणि त्यानेच आपल्या मिरायडॉनला हरवून तेथून हुसकावून लावलेले असते. एकाच जातीचे दोन जीव, भविष्यातून एकाच कालयंत्राने आणलेले, आणि तरी एकाचा स्वभाव उग्र व दुसऱ्याचा भित्रा. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांमध्येही खोड्या वेगवेगळ्या असतात हे मान्य आहे, पण एक गाडी दुसरीला पाहून मागे सरकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संपूर्ण कथेत फोनवरून आणि पडद्यावरून आपल्याशी बोलणारे प्राध्यापक टुरो हे खरे प्राध्यापक नसतात. खरे टुरो प्रयोगशाळेतल्या अपघातात आधीच मरण पावलेले असतात, आणि आपल्याशी बोलत असते ती त्यांच्या ज्ञानावर व आठवणींवर उभी केलेली कृत्रिम बुद्धिमत्ता. म्हणजे या कथेत यंत्र आहे, आणि त्याला माणसाचा चेहरा, माणसाचा आवाज व पांढरा कोट आहे. उलट ज्याच्या डोळ्यांच्या जागी पडदे आहेत, ते भुकेलेले व भेदरलेले जनावर आहे. मला वाटते, मिरायडॉनचे रूप इतके यांत्रिक ठेवण्याचे कारण हेच असावे. खेळणाऱ्याने यंत्राकडे संशयाने पाहावे म्हणून त्याच्यासमोर एक खोटे यंत्र ठेवले, आणि खरे यंत्र त्याच्याशी प्रेमाने बोलत राहिले.

शेवटच्या लढाईत टुरोंनी मागे ठेवलेली संरक्षण-यंत्रणा जागी होते आणि आपल्याकडचा एकही पोकेबॉल, म्हणजे पोकेमॉन ठेवण्याचा चेंडू, उघडत नाही, कारण प्राध्यापकांच्या ओळखक्रमांकावर नोंदलेले पोकेबॉलच तेथे चालतात. आपल्याजवळ असा एकच पोकेबॉल असतो, तो मिरायडॉनचा. ज्या जीवाने आजवर एकदाही आपल्यासाठी लढाई केलेली नाही, त्यालाच आता त्याला हुसकावणाऱ्यासमोर उभे करावे लागते. त्या वेळी तुम्ही बटण दाबता तेव्हा आपण यंत्र सुरू करतो आहोत असे वाटत नाही, तर घाबरलेल्या मुलाला व्यासपीठावर पाठवतो आहोत असे वाटते. वहीतल्या त्या पानावर कृपया घाई करू नका.

अर्धवट

दीपगृह यांचे लेखन वाचून मीही गहिवरलो होतो, पण एक अडचण राहते. हेच सगळे प्रसंग ‘स्कार्लेट’मध्ये कोरायडॉनच्या बाबतीत जसेच्या तसे घडतात. तेच सँडविच, तोच कुत्रा, तीच भीती, तसाच दुसरा उग्र कोरायडॉन. टुरोंच्या जागी तेथे प्राध्यापक साडा आहेत, एवढाच बदल. कथा दोघांसाठी एकदाच लिहून दोन्ही खेळांत घातली आहे. तेव्हा सँडविच खाणे हा मिरायडॉन जिवंत असल्याचा पुरावा नसून दोन खेळांसाठी एकच पटकथा वापरल्याचा पुरावा आहे.

त्याउलट जेथे दोघांसाठी वेगवेगळे शब्द वापरले आहेत तेथे पाहा. कोरायडॉनच्या स्थितींना ‘बिल्ड’ म्हटले आहे, म्हणजे शरीराची ठेवण. मिरायडॉनच्या स्थितींना ‘मोड’ म्हटले आहे: ड्राइव्ह मोड, ग्लाइड मोड, आणि अशक्त असतानाचा ‘लो पॉवर मोड’. लो पॉवर मोड माझ्या फोनलाही आहे. जेथे लेखकांना मुद्दाम निवड करायची होती, तेथे त्यांनी यंत्राचा शब्द निवडला.

दीपगृह

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे पूर्ण निरसन माझ्याकडे नाही. परंतु एकच पटकथा दोघांना चालली, यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. कोरायडॉन प्राणी आहे याबद्दल कोणालाच शंका नाही. मग एक ओळही न बदलता त्याची भूमिका मिरायडॉनला देता येते, याचा अर्थ लेखकांच्या लेखी दोघांत जीवपणाचा फरक नाही.

शब्दांबद्दल म्हणाल, तर खेळ या बाबतीत मुद्दाम कानगोष्टींवर बोलतो. पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात, मिरायडॉनविषयी ठाम विधान असे नाहीच. एका नोंदीत म्हटले आहे की याच्याबद्दल फारसे काही ठाऊक नाही, हा सायक्लिझारसारखा दिसतो पण त्याहून कितीतरी निर्दय व बलवान आहे. दुसऱ्या नोंदीत म्हटले आहे की जुन्या पुस्तकातला ‘आयर्न सर्पंट’ तो हाच असावा, ज्याने विजेने जमिनीची राख केली असे सांगतात. इतर ‘आयर्न’ पोकेमॉनच्या अनेक नोंदी तर एका गूढकथांच्या मासिकाच्या हवाल्याने येतात. आयर्न हँड्स हा त्या मासिकातल्या सायबॉर्गसारखा दिसतो, आणि आयर्न जुगुलिस हा रोबोच्या प्रेमात पडलेल्या हायड्रायगनच्या अपत्यासारखा दिसतो म्हणे! ज्या संदर्भग्रंथात ही माहिती छापून येते, त्याच्या आधारे यंत्र की प्राणी हा वाद मिटवणे आपल्यापैकी कोणालाच शक्य नाही.

अनुस्वार

मी हा खेळ खेळलेली नाही. माझा मुलगा खेळतो आणि मी शेजारी भाजी निवडत बसते, त्यामुळे सँडविचचा प्रसंग मात्र पाहिलेला आहे. मूळ प्रश्न व्याकरणाचा होता आणि त्याच्याकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहिते.

आपण सारे असे गृहीत धरून चाललो आहोत, की प्राणी असेल तर ‘तो’ आणि यंत्र असेल तर ‘ते’. मराठीत असा नियम नाही. पंखा तो, गाडी ती, इंजिन ते. रोबो तो, मोटारसायकल ती, घड्याळ ते. यंत्रांना आपण तिन्ही लिंगे वाटून दिलेली आहेत. प्राण्यांचेही तसेच आहे. वाघ तो, मुंगी ती, मांजर ते. मांजर नपुंसकलिंगी आहे म्हणून कोणी त्याला यंत्र समजत नाही, उलट घरातले सर्वांत हट्टी सजीव तेच असते.

याहून पुढे जाऊन मी असे म्हणेन, की मराठीतला नपुंसकलिंगाचा सर्वांत जिव्हाळ्याचा वापर निर्जीव वस्तूंसाठी होतच नाही. घोडा तो आणि घोडी ती, पण शिंगरू ते. वासरू, कोकरू, करडू, पाखरू, पिल्लू, लेकरू ही सगळी ‘ते’ आहेत. जे लहान आहे, ज्याला अजून स्वतःच्या पायांवर नीट उभे राहता येत नाही आणि ज्याच्याकडे पाहून आपला हात आपोआप पुढे होतो, त्याच्यासाठी मराठीने हे लिंग राखून ठेवल्यासारखे वाटते. या धाग्यावरच पाहा. पोलादी यांनी लढाईची भाषा बोलताना पहिल्यापासून ‘तो’ लिहिले. दीपगृह यांनी भुकेची आणि भीतीची गोष्ट सांगताना स्वतःच्याही नकळत ‘ते’ लिहिले, आणि पुन्हा पोकेडेक्सकडे वळताच त्यांचाही ‘तो’ झाला. प्रश्नकर्त्यांनी मात्र आपल्या संपूर्ण निवेदनात मिरायडॉनला एकही सर्वनाम धड लागू दिलेले नाही, ही कसरत मला फार आवडली.

‘आयर्न सर्पंट’साठी ‘लोहसर्प’ हा शब्द सुटसुटीत होईल. त्याचे जपानी नाव ‘तेत्सु नो ओरोचि’ आहे असे मुलाने शोधून दिले, आणि ओरोचि म्हणजे त्यांच्या पुराणकथांमधला महाकाय सर्प, असेही सांगितले. आपल्याकडे गावात रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ असे म्हणतात. तेही दोन्ही शब्द नपुंसकलिंगीच आहेत, आणि तेथे कारण मायेचे नसून भीतीचे आहे. वहीत जुन्या पुस्तकातला तो उतारा आला, तर एखाद्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी ‘लोखंडी लांबडं’ घालून पाहा.

‘लेजेंडरी’साठी ‘पौराणिक’ लिहू नका, एवढी एक सूचना. मुलाच्या म्हणण्यानुसार त्या खेळात ‘मिथिकल’ नावाचा निराळा गट आहे आणि म्यू त्यात मोडतो. पौराणिक हा शब्द त्या गटासाठी लागेल.

पोलादी

अनुस्वार यांचे म्हणणे मान्य. तरीही एरिया झिरोतल्या त्या दुसऱ्या मिरायडॉनला मी ‘ते’ म्हणणार नाही. कथा संपल्यानंतर त्याला पकडता येते आणि तेव्हा तो 72 लेव्हलचा असतो. त्याच्यापुढे माझे तीन पोकेमॉन आडवे झाले होते. त्याला पिल्लू म्हणणे मला जमणार नाही.

वहीवाला मामा

सर्वांचे आभार. इतकी तपशीलवार उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

पोलादी यांच्या शेवटच्या वाक्याने माझे काम सोपे केले. पाठीवर घेऊन फिरवणारे आपले मिरायडॉन वहीत ‘ते’ असेल, आणि एरिया झिरोत राहणारा दुसरा मिरायडॉन ‘तो’ असेल. इंग्रजीत दोघांमधला फरक सांगण्यासाठी दर वेळी विशेषण लावावे लागले असते, मराठीत क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावरून तो कळेल. शेवटच्या लढाईत आपले मिरायडॉन पूर्ण रूप धारण करते त्या पानावर ‘ते’चा ‘तो’ करावा काय, याचा मी बराच विचार केला आणि करू नये असे ठरवले. दीपगृह म्हणाले तसे व्यासपीठावर चढले तरी लेकरू ते लेकरूच. हॅड्रॉन इंजिन तसेच ठेवले असून डाव्या पानावर क्वार्कचे तीन ठिपके असलेला प्रोटॉन काढला आहे. अर्धवट यांचा आक्षेप मला अजूनही छळतो आहे, त्यामुळे ‘लो पॉवर मोड’ला मराठी शब्द न शोधता तो इंग्रजी नावानेच लिहिला.

काल भाची आली तेव्हा सातवे पान तिच्यापुढे ठेवले. ‘मिरायडॉन वाळूत थकून पडले होते. तिने सँडविच पुढे केले, तेव्हा आधी ते नुसते हुंगत राहिले,’ येथपर्यंत तिने मोठ्याने वाचले. ‘पडले’ आणि ‘राहिले’ या शब्दांपाशी ती अडखळते का, हे मी कान देऊन ऐकत होतो. ती मुळीच अडखळली नाही. पान उलटून मात्र तिने विचारले, “मामा, सँडविचमध्ये काय होतं ते का नाही लिहिलंस?”